किडी हारितु

बेंगळुरच्या राजाजीनगरात आमच्या घरांच्या रांगेमागे एक मोकळं मैदान होतं. गुरुवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा मिळत नसे. कारखान्यातून सुटलेले बाबू, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, मुलीचं लग्न जमत नाही म्हणून कावलेले बाप, सगळे ओल्या पायांनी रांगेत उभे असत. हो, ओल्या पायांनी. नळावर पाय धुवायचे आणि पुसायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम. पुसलेले दिसले तर देवाप्पा नावाचा शिष्य परत नळावर पिटाळायचा.

मांडवात उंच लाकडी चौरंगावर, चांगल्या तीन-चार घोंगड्या एकावर एक अंथरून, किडीस्वामी बसलेले असत. समोर जमिनीवर तांब्याचा पत्रा होता आणि त्यावर कुंकवाने चक्र काढलेलं होतं. त्या चक्रावर उभं राहायचं, हातात तांब्याची पळी धरायची आणि डोळे मिटायचे. स्वामी बांबूच्या दांड्याचा त्रिशूळ उचलून पळीजवळ आणत. मग फट्ट असा आवाज होई आणि त्रिशूळाच्या टोकातून पळीवर पांढरीधोट, जाड ठिणगी पडे. उभा असलेला माणूस कोपरापासून टाचेपर्यंत हादरे. देवाप्पा शंख फुंकून ओरडे, "किडी हारितु!" आणि सगळा मांडव हात जोडून म्हणे, "हारितु, हारितु!"

मग स्वामींचं प्रवचन. थोडं कानडी, थोडं हिंदी, आणि समोर मराठी बायका दिसल्या की तोडकंमोडकं मराठीही. हिमालयात एका पायावर उभं राहून त्यांनी म्हणे आकाशातली वीज अंगात उतरवली होती. "मोठे मोठे सायंटिस्ट येतात, बघतात, गप बसतात," ते सांगत. "सायन्स आमच्या पायाशी बसतं." हे वाक्य अक्षरशः खरं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

मी जवळच्याच मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. आमचं घराणं बेंगळुरात तीन पिढ्यांचं. घरात मराठी बोलतो खरे, पण भांडायला आणि भाजी घ्यायला कानडीच सोयीची वाटते. नाव प्रमोदिनी, पण सगळ्या रांगेत मी अक्का. स्वभाव तिखट. असल्या मांडवांत मी एरवी पाऊल टाकत नाही. त्या दिवशी गेले ती शेजारच्या अलकाला सोबत म्हणून.

अलका, तिचा नवरा मधुकर आणि सासू सोयराबाई हे कऱ्हाडकडून आलेलं कुटुंब. मधुकर सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढायचा. अलका हसरी, बडबडी, आणि वर्षभरापासून टीबीने आजारी. त्यांची मुलगी प्रेमा तेव्हा चार वर्षांची होती. अलकाच्या थुंकीत जंतू सापडले त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मुलीला लांब ठेवायला सांगितलं, आणि प्रेमाची रवानगी कऱ्हाडला अलकाच्या आईकडे झाली. अलकाला बरं व्हायचं होतं ते जगण्याबिगण्यासाठी नव्हे. मुलगी परत आणायची म्हणून. तिच्या तोंडी दुसरा विषयच नसे. प्रेमाची वेणी आता केवढी झाली असेल, ती पत्र वाचायला लागली असेल का, आपल्याला ओळखेल का.

दवाखान्यातल्या सुया आणि गोळ्या तिला छान लागू पडल्या होत्या. ताप गेला, गालांवर रंग आला, पोळी जायला लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की बरं वाटलं तरी औषध सोडायचं नाही; दीड वर्ष म्हणजे दीड वर्ष. त्या इंग्रजीत बोलल्या आणि मधुकरने ते आईला मराठीत सांगितलं. जंतू म्हणजे काय ते आईला उमजेना, तेव्हा तो म्हणाला, "आई, लाकडाला कीड लागते ना, तशी फुप्फुसाला कीड लागलीय असं समज." समजूत चांगली घातली होती. मीही वर्गात तशीच घातली असती.

त्या गुरुवारी अलका चक्रावर उभी राहिली, ठिणगी पडली, ती हादरली, आणि देवाप्पा ओरडला, "किडी हारितु!" अलकाचे डोळे भरून आले. सोयराबाई तिथेच जमिनीवर आडव्या झाल्या. मला मनातून हसू येत होतं. ठिणगी पडली की माणसं इतकी कशी विरघळतात, असं वाटलं. पण सुया चालू आहेत, जोडीला हा उदबत्तीचा धूर, त्याने काय बिघडतं, म्हणून मी काही बोलले नाही.

आता माझ्या धाकट्या भावाची ओळख करून द्यायला हवी, कारण ठिणग्या हा त्याचा प्रांत. उमाकांतने इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केला होता आणि लढाईच्या वेळची, लष्कराने विकून टाकलेली एक मोटारसायकल घेतली होती. ती बेंगळुरच्या गार सकाळी काही केल्या सुरू होत नसे. सगळी गल्ली जागी व्हायची, ती तेवढी झोपलेली. उमाकांतचं म्हणणं, दोष ठिणगीचा आहे. नेहमीची कॉइल बारीक, निळसर ठिणगी देते आणि ओलसर प्लगवर ती विरून जाते. त्याऐवजी आधी कंडेन्सरमध्ये वीज साठवायची आणि मग सगळी एका दमात कॉइलमध्ये सोडायची, म्हणजे ठिणगी जाड, पांढरी आणि दणदणीत पडते. सिटी मार्केटच्या जुन्या बाजारातून त्याने मोटारीतल्या रेडिओचा व्हायब्रेटर (बॅटरीची वीज घूं करत तोडणारी-जोडणारी डबी), एक ट्रान्सफॉर्मर आणि रंग उडालेली कॉइल आणली, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर संसार मांडला. फट्ट, फट्ट. माझा झारा त्याने तारेच्या एका टोकाला बांधला तो बांधलाच. पुऱ्या करायच्या तर शेजारून झारा आणावा लागे.

ह्या प्रयोगांचा एक त्रास होता. अशी ठिणगी पडली की आसपासच्या रेडिओत खरखर होते. सोयराबाई संध्याकाळी पुणे स्टेशन लावून भजन ऐकायच्या. ते आधीच लांबचं, त्यात उमाकांतची भर. मग भिंतीपलीकडून हाक यायची, "उमाकांता, बंद कर की रं त्ये तुजं. निस्तं तडतड तडतड." तो बिचारा बंद करायचा. तरी गुरुवारी तडतड थांबत नसे, आणि शिव्या त्यालाच बसत.

संक्रांत होऊन गेली, होळीही झाली, आणि एका गुरुवारी सोयराबाईंनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. गेलो तर ओसरीवर नवा फ्रॉक घालून प्रेमा. अलका तिला मांडीवर घेऊन वेणी घालत होती. दर दोन पेडांनी तिचा मुका घेत होती.

"आली का माहेरवाशीण?" असं मी म्हणते आहे, तोच रेडिओ तडतडला.

"उमाकांता," सोयराबाई सवयीने म्हणाल्या, आणि त्यांच्या ध्यानात आलं की उमाकांत समोर बशी ओठाला लावून बसलाय.

"मी नाही आज्जी. माझी बॅटरी चार्जिंगला दिलीय," तो म्हणाला. मग बशी खाली ठेवून तो रेडिओपाशी गेला. बारीक घूं असा आवाज, मग जोरात फट्ट, आणि लगोलग मैदानातून शंख. पुन्हा घूं, पुन्हा फट्ट, पुन्हा शंख. उमाकांत खोखो हसायला लागला.

"अक्का, ऐक. हा व्हायब्रेटर. आता कंडेन्सर भरतोय, स्वल्प थांब... ही ठिणगी. स्वामींनी माझंच सर्किट केलंय की गं. शक्ती कसली, चौरंगाखाली बॅटरी असणार."

मलाही हसू आवरेना. मधुकर कसनुसा हसला. त्याला कळलं होतं, पण आईकडे बघून तो गप्प बसला. अलका मात्र शांतपणे म्हणाली, "बॅटरी का असेना उमाकांतभाऊजी. मला गुण आला ना? किडी हारल्या. म्हणून तर पोरगी घरी आली."

"डॉक्टरीणबाईंनी आणायला सांगितलं का?" मी विचारलं.

"त्यांना कशाला विचारायचं अक्का? सुया मी संक्रांतीलाच सोडल्या. किडी हारल्यावर औषध कुणाला द्यायचं?"

मला आधी नीट समजलंच नाही. "किडी हारल्या म्हणजे काय?"

"म्हणजे कीड. फुप्फुसाची," अलका मला लहान मुलीला समजवावं तसं सांगत होती. "ते ओरडतात की दर वेळी. किडी हारितु. किडी हारल्या. त्यांच्या मराठीत."

ते मराठी नव्हतं. कानडीत किडी म्हणजे ठिणगी, आणि हारितु म्हणजे उडाली. किडी हारितु म्हणजे ठिणगी उडाली. मी जन्मभर कानडी बोललेली बाई. माझ्या कानाला त्यात कीडही ऐकू आली नव्हती आणि हारही. मैदानातल्या कानडी लोकांना ठिणगीचं दर्शन घडत होतं, तेवढ्यावर ते खूश होते. मराठी माणसं मात्र त्याच दोन शब्दांत आपापला रोग हरलेला ऐकत होती. कुणाच्या दाढेची कीड, कुणाच्या पोटातली, आणि अलकाच्या छातीतली. किडीस्वामी ह्या नावाचाही त्यांनी कीड मारणारे स्वामी असाच अर्थ लावला होता.

मी हे सांगितलं तेव्हा अलका वेणी घालायची थांबली. तिने मधुकरकडे पाहिलं. मधुकर जमिनीकडे बघत होता; कीड हा शब्द घरात त्यानेच आणला होता.

"मास्तरीणबाई," सोयराबाई चिडून म्हणाल्या, "तुमी आता कानडीच झाला हायसा. देवाचा सबूद तुमाला काय कळनार? सून डोळ्याम्होरं दिसतीया न्हवं, गाल बघा तिचं."

गाल खरंच चांगले दिसत होते. पण तेवढ्यात अलका तोंड पदराने झाकून खोकली. प्रेमाला तिने मांडीवरून उतरवलं आणि हळूच दूर सारलं. पोर पुन्हा येऊन चिकटली.

"चला," मी उठले. "मांडव इथे पन्नास पावलांवर आहे. स्वामींनाच विचारू. उमाकांत, तुझी ती ठिणग्यांची पेटी आण."

"बॅटरी नाही अक्का."

"त्यांची वापर."

रांग मोडून आम्ही पुढे घुसलो. लोक ओरडले, देवाप्पा आडवा आला. पण त्याच मैदानावर खेळणाऱ्या निम्म्या मुलींना मी प्रकाशाचं परावर्तन शिकवलं होतं, त्यामुळे त्यांचे आईबाप मला जरा बिचकून असत. उमाकांत सरळ चौरंगापाशी वाकला आणि झालर वर केली. खाली मोटारीची बॅटरी, ट्रान्सफॉर्मर, व्हायब्रेटर, कंडेन्सर आणि कॉइल. एक तार बांबूच्या पोकळीतून त्रिशूळाच्या टोकापर्यंत गेलेली, दुसरी जमिनीतून तांब्याच्या पत्र्याला जोडलेली. स्वामींच्या गुडघ्याखाली दाबायचं बटण. स्वामी बसले होते कोरड्या घोंगड्यांवर, भक्त उभे होते ओल्या पायांनी. झटका कुणाला बसायचा ते ह्यावरून ठरत होतं.

उमाकांतने स्वामींच्या बॅटरीच्या दोन तारा आपल्या पेटीला जोडल्या आणि पत्र्यावर अनवाणी उभा राहिला. एका हातात पळी धरली, दुसऱ्या हातात लाकडी मुठीचा माझा झारा. फट्ट. ठिणगी तशीच पडली, तशीच पांढरी. तो तसाच हादरला आणि म्हणाला, "मी उमाकांत. हिमालय मी पाहिलेला नाही. हे माझ्या मोटारसायकलसाठी केलंय."

मांडवात कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले. कुणी ओरडलं, कुणी घोंगडी ओढली. पण स्वामी जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून अगदी थंडपणे विचारलं, "किडी हारितु अंत हेळिदे. हारलिल्लवा?"

घोंगडी ओढणाऱ्या कानडी माणसाने हात मागे घेतला. सोयराबाईंनी माझा दंड धरला. "काय म्हनला त्यो? मास्तरीणबाई, काय म्हनला?"

मला ते सांगवेना. पण सांगायला दुसरं कोण होतं? मी म्हणाले, "तो म्हणतोय, ठिणगी उडाली एवढंच मी म्हणालो. उडाली नाही का?"

"आन कीड?"

मी स्वामींना कानडीत विचारलं, ह्या बायका काय समजतात ते तुम्हाला ठाऊक नव्हतं का? त्यांनी त्रिशूळ मांडीवर आडवा ठेवला. पहिले काही दिवस ठाऊक नव्हतं, ते म्हणाले. मग एक बाई रडत पाया पडली, तेव्हा देवाप्पाने अर्थ सांगितला. तो निपाणीचा, त्याला दोन्ही भाषा येतात. पुढे दर गुरुवारी रांग वाढत गेली. मी कुणाला औषध सोड म्हणालो नाही, ते म्हणाले, आणि घे असंही म्हणालो नाही.

हे मी शब्दाला शब्द मराठीत सांगितलं. सोयराबाईंनी ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. देवाप्पाकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "तुला म्हाईत हुतं, लेकरा?" देवाप्पाने मान खाली घातली.

स्वामी पुढच्या गुरुवारी दिसले नाहीत. पोलिसांनी विचारलं, गुन्हा काय नोंदवायचा? माणूस ठिणगी म्हणाला आणि ठिणगी दाखवली. दुसऱ्या एखाद्या गावात तो आजही दाखवत असेल.

मांडवातल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही अलकाला दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. डॉक्टरीणबाई मधुकरवर ओरडल्या आणि मग त्याला खुर्ची देऊन समजावू लागल्या. औषध अर्ध्यावर सोडलं की उरलेले जंतू त्या औषधाला सरावतात. मग पुन्हा त्याच सुया दिल्या तरी उपयोग होत नाही. अलकाच्या बाबतीत तेच झालं. दुसरं औषध तेव्हा मिळायला दुर्मीळ, आणि मिळालं तेही फार लागू पडलं नाही. आधी एका फुप्फुसात होतं, ते दोन्हींत पसरलं.

तिला सॅनिटोरियममध्ये ठेवलं. प्रेमा पुन्हा कऱ्हाडला जायची होती, पण तिच्या मानेला गाठ आली. आईजवळ घालवलेल्या त्या थोड्या दिवसांत तिला लागण झाली होती. हे अलकाला सांगू नये असं आम्ही ठरवलं. पण मी भेटायला गेले तेव्हा तिने माझा चेहरा वाचला असावा. "अक्का," ती म्हणाली, "मी तिचे मुके घेतले हो." आणि भिंतीकडे वळून निजली. दसऱ्याच्या आधी ती गेली. मला तिची आठवण येते तेव्हा अजून राग येतो, आणि त्या रागाचं काय करायचं ते कळत नाही.

लोक मला म्हणतात, अक्का, तुम्ही ढोंग उघडं पाडलंत. पाडलं खरं. चौरंगाखालची बॅटरी शोधायला उमाकांतला दोन मिनिटं लागली. पण अलकाला बॅटरीने मारलं नाही. त्या ठिणगीने एका बाईचाही जीव घेतला नाही, हात तेवढा बधिर व्हायचा. अलकाला मारलं ते न समजलेल्या दोन शब्दांनी. शेकडो माणसं दर गुरुवारी ते दोन शब्द हात जोडून म्हणत होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्यांचा अर्थ विचारावा असं एकालाही वाटलं नाही. देवाच्या दारात अर्थ विचारणं म्हणजे पाप, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ढोंगी माणसाला रोग बरा केला असं खोटं बोलावंही लागत नाही ते त्यामुळेच.

प्रेमाच्या सुया सोयराबाईंनी चालवल्या. रोज सकाळी नातीचा हात धरून त्या बसने दवाखान्यात जात, ऊन असो की पाऊस. एकही सुई चुकली नाही. बेंगळुरात इतकी वर्षं काढून 'बेकु' (हवं) आणि 'सरी' (बरं) ह्यापलीकडे त्यांचं कानडी गेलं नव्हतं. आता त्या माझ्याकडून आणखी दोन शब्द शिकून गेल्या: अंद्रे एनु, म्हणजे मराठीत 'म्हणजे काय?' कंडक्टर काही बोलला की अंद्रे एनु, कंपाउंडरने बाटली दिली की अंद्रे एनु, डॉक्टरीणबाईंनी नुसतं हूं केलं तरी अंद्रे एनु.

एकदा मी बरोबर होते. कंपाउंडर वैतागून म्हणाला, "अज्जी, किती विचारता? इथे एवढी माणसं येतात, कुणी विचारत नाही." मी त्याचं मराठी करून सांगितलं. सोयराबाईंनी प्रेमाची बाही नीट केली आणि मला म्हणाल्या, "त्याला सांगा, आमी इचारलं न्हाई म्हनून सून गेली."

मी त्याला सांगितलं. त्याने बाटली परत हातात घेतली आणि कशासाठी, किती दिवस, सोडलं तर काय होतं, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मंत्र असो, स्वामी असो, डॉक्टर असो नाहीतर मी असो, तुम्हीही विचारा, म्हणजे काय? खरा माणूस त्याला चिडणार नाही, आणि चिडलाच तर तिथून उठून या.